तीन कॉर्ड, घरातलेच विषय आणि लोरेटा लिन: गाणी लिहिणाऱ्यांनी तिला कसं ऐकावं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही गिटारवर स्वतःची मराठी गाणी बांधता. कुणीतरी अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या 'कंट्री' संगीतातली गायिका लोरेटा लिन ऐकायला सुचवली. तुम्ही ऐकलीत आणि निराश झालात. तेच तीन कॉर्ड, जवळपास तोच ठेका, आणि विषय म्हणजे नवरा, त्याची दारू आणि त्याच्या मागे लागलेली दुसरी बाई. हिला एवढं का मानतात, आणि गाणी लिहिणाऱ्याने हिच्याकडून नेमकं काय घ्यायचं? शिवाय एवढी तिखट गाणी लिहून ती त्याच नवऱ्याबरोबर शेवटपर्यंत राहिली, मग त्या गाण्यांना अर्थ काय उरला?

मी बरीच वर्षं गिटार आणि गीतलेखन शिकवते आहे. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, कॉर्ड तेच आहेत. पण तुमच्या प्रश्नात मला खरी अडचण वेगळी दिसते. साध्या चालीत, स्वतःच्या घरातल्या गोष्टींवर लिहिलेलं गाणं परक्या माणसालाही कसं लागतं, हे तुम्हाला हवंय. त्या प्रश्नाला लोरेटाइतकं चांगलं उत्तर माझ्या माहितीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

अर्थात तुम्ही कशासाठी ऐकताय यावरही बरंच अवलंबून आहे. गिटारवर बोटं कशी चालवायची ते शिकायचं असेल तर मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट ॲटकिन्स ऐका. गळ्यातून दुःख कसं हळूहळू उलगडायचं हे हवं असेल तर पॅट्सी क्लाइन. लोरेटाकडे जायचं ते शब्दांसाठी, आणि ते शब्द कुणाला उद्देशून आहेत त्यासाठी. तिचे उच्चार सुरुवातीला समजत नाहीत, तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळा गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐका. यात काही कमीपणा नाही.

आता ते तीन कॉर्ड. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलचे वादक कॉर्डना आकड्यांनी ओळखतात: एक, चार, पाच. आपल्या भाषेत षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर उभे राहिलेले कॉर्ड. पट्टी कुठलीही असो, नातं तेच. या तीन कॉर्डचा फायदा असा की ऐकणाऱ्याला पुढचा कॉर्ड आधीच माहीत असतो. कान चालीत अडकत नाही, तो मोकळा राहतो आणि शब्दांकडे वळतो. लोरेटाला नेमकं तेच हवं होतं. तिच्या गाण्यात धक्का शब्दांतून बसतो. त्याच वेळी चालीनेही धक्का दिला असता तर दोन्ही बोथट झाले असते. तिच्या रेकॉर्डचा निर्माता, म्हणजे रेकॉर्डिंगची सगळी आखणी करणारा, ओवेन ब्रॅडली. हाच माणूस पॅट्सी क्लाइनच्या गाण्यांमागे व्हायोलिनांचा मऊ पडदा आणि कोरस उभा करत असे. लोरेटाच्या बाबतीत त्याने स्टील गिटार पुढे आणली. ओळ संपली की स्टील गिटार हुंकार दिल्यासारखी उत्तर देते आणि बाजूला होते. हे वाद्य मूळचं हवाईयन गिटारच्या घराण्यातलं. जुन्या हिंदी चित्रपटगीतांत हवाईयन गिटार भरपूर वाजली आहे, त्यामुळे तो सरकता स्वर तुमच्या कानाला अजिबात परका वाटणार नाही.

तिचं आयुष्य सगळं सांगत बसत नाही, पण गाण्यांशी ज्याचा थेट संबंध आहे तेवढं सांगायलाच हवं. लोरेटा वेब १४ एप्रिल १९३२ रोजी केंटकी राज्यातल्या बुचर हॉलो या डोंगरदरीतल्या वस्तीत जन्मली. आठ भावंडांतली दुसरी. वडील व्हॅन लिअरच्या कोळसा खाणीत कामाला. जानेवारी १९४८मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तिचं ऑलिव्हर लिनशी लग्न झालं. त्याला सगळे डूलिटल किंवा नुसतं डू म्हणत. दोघं हजारो किलोमीटर दूर, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर या गावी गेली. विशी गाठेपर्यंत तिला चार मुलं झाली होती. पुढे जुळ्या मुली झाल्या. १९५३च्या सुमाराला डूने तिला १७ डॉलरची हार्मनी कंपनीची गिटार आणून दिली. ती गिटार ती आपली आपण शिकली. म्हणजे जिला आपण आज कंट्री संगीताची महाराणी म्हणतो, तिने गाणी लिहायला घेतली ती चार लेकरांचं करता करता. तिच्याकडे शास्त्र नव्हतं, पण बोलणं होतं. डोंगरातल्या बायकांचं रोखठोक, घरातल्या वस्तूंची नावं घेऊन होणारं बोलणं. तेच तिने गाण्यात उचलून ठेवलं.

तिच्याआधी काय होतं तेही बघा. १९५२ साली किटी वेल्सचं 'इट वॉजन्ट गॉड हू मेड हॉन्की टॉन्क एंजल्स' पहिल्या क्रमांकावर गेलं. 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या कंट्री लोकप्रियता यादीत एकट्या गायिकेला तो मान पहिल्यांदाच मिळाला. बाईच्या बाजूने पुरुषांना जाब विचारणारं गाणं, पण लिहिणारा पुरुष, जे. डी. मिलर. पॅट्सी क्लाइनची 'क्रेझी' आणि 'आय फॉल टू पीसेस' ही गाणीही पुरुषांनी लिहिलेली. गाणी उत्तम आहेत, मी ती आजही शिकवते. पण त्यातली बाई बहुतेक वेळा सोसणारी, झुरणारी. लोरेटा आली आणि बाईचं गाणं बाईच लिहू लागली, तेही स्वतःच्या घरातलं. मार्च १९६०मध्ये झिरो रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने तिची पहिली रेकॉर्ड काढली, 'आयम अ हॉन्की टॉन्क गर्ल'. गाणं तिचंच. नवराबायको गाडीत बसून एकेका रेडिओ केंद्रावर जात आणि रेकॉर्ड वाजवा म्हणून विनवत. गाणं कंट्री यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ती नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या नावाजलेल्या कंट्री रेडिओ-कार्यक्रमाच्या मंचावर उभी होती.

आता मुख्य मुद्दा. तिचं गाणं ऐकताना एकच प्रश्न विचारा: ही आत्ता कुणाशी बोलते आहे?

'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन' घ्या. १९६७च्या सुरुवातीला हे तिचं पहिल्या क्रमांकाचं पहिलं गाणं ठरलं. बहीण पेगी सू हिच्याबरोबर लिहिलेलं. इथे ती दारातून झिंगत येणाऱ्या नवऱ्याशी बोलते: पिऊन आलास तर माझ्या अंगाला हात लावायचा नाही. १९६६च्या 'यू एन्ट वुमन इनफ'मध्ये ती नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या बाईशी बोलते. एका कार्यक्रमाच्या वेळी मंचामागे भेटलेल्या एका स्त्रीने, 'दुसरी कुणीतरी माझा नवरा पळवतेय' अशी तक्रार केली. लोरेटाने तिला जे उत्तर दिलं त्याचंच गाणं झालं. 'फिस्ट सिटी'तही समोर तशीच बाई, पण आता थेट मुठी वळलेल्या. 'डिअर अंकल सॅम' हे १९६६चं व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं गाणं तर सरकारला लिहिलेलं पत्रच आहे: तुला माझा माणूस हवाय, पण मला तो जास्त हवाय. शेवटी घरी तो गेल्याची तार येते.

बघा, यातलं एकही गाणं 'श्रोत्यांसाठी' नाही. ती एका माणसाकडे बघून बोलते, आपण बाजूच्या खोलीतून ऐकतो. म्हणून तिला काही समजावून सांगावं लागत नाही. नवऱ्याशी भांडताना 'स्त्रीचं दुःख' हा शब्दप्रयोग कुणी करत नाही. काल रात्री तू कुठे होतास, असं विचारतात. माझ्याकडे येणाऱ्या नव्या गीतकारांच्या कवितांमध्ये सगळ्यात मोठा दोष हाच असतो. गाणं कुणाशीच बोलत नाही, सगळ्या जगाशी बोलतं. मग शब्द आपोआप गुळगुळीत होतात.

'कोल मायनर्स डॉटर' मात्र या नियमाला अपवाद आहे, आणि म्हणूनच त्याचा वेगळा अभ्यास करा. रेकॉर्डिंग १९६९मध्ये झालं, रेकॉर्ड १९७०मध्ये बाहेर आली आणि वर्षअखेरीला पहिल्या क्रमांकावर गेली. इथे समोर कुणी नाही, ती नुसती आठवते आहे. मग गाणं सैल पडत नाही ते कशामुळे? वस्तूंमुळे. रात्रभर खाणीत राबून दिवसा मक्याच्या शेतात खुरपणारा बाप. रॉकेलच्या दिव्याखाली बायबल वाचणारी आई. फळीवर कपडे घासताना रक्ताळलेली आईची बोटं. उन्हाळ्यात अनवाणी पाय, आणि हिवाळ्यात डुक्कर विकून आलेल्या पैशांतून टपालाने मागवलेले नवे बूट. 'आम्ही गरीब होतो' हे ती एका ओळीत सांगून टाकते. पण ती गरिबी आपल्याला पटते ती बुटांच्या त्या व्यवहारामुळे. पैसे कुठून आले, कधी आले, कशावर गेले. गाण्यात हिशेब लिहायला फार थोडे लोक धजावतात. मला त्या गाण्यातली सगळ्यात भारी जागा तीच वाटते.

रचनाही बघा. या गाण्याला धृपद नाही. कडव्यामागून कडवं येतं आणि एकसुरीपणा टाळण्यासाठी पुढे पट्टी अर्ध्या स्वराने वर सरकते. बाकी काही नाही. मूळ गाणं याहून बरंच मोठं होतं. ब्रॅडलीने तिला कडवी कमी करायला लावली आणि चार कडवी गळली. स्वतःच्या बालपणाबद्दलची कडवी कापताना जीव किती तुटला असेल, हे गाणी लिहिणाऱ्यांना सांगायला नको. तरी मी ब्रॅडलीच्याच बाजूची आहे. उरलेल्या गाण्यात एकही ओळ काढण्याजोगी नाही.

याच गाण्यातली एक गंमत कान देऊन ऐका. तिने 'हार्ड' आणि 'टायर्ड' यांचं यमक जुळवलंय. पुस्तकी उच्चारात ते जुळतच नाही. तिच्या डोंगरी बोलीत 'टायर्ड'चं 'टार्ड' होतं, म्हणून जुळतं. ती नॅशव्हिलला जाऊन शहरी बोलायला शिकली असती तर ही ओळ मेली असती. तुमच्या घरी, तुमच्या गावी जसं बोलतात त्याच बोलीत गाणं लिहून बघा, असं मी आग्रहाने सांगते ते यासाठीच. वऱ्हाडी असो, मालवणी असो, अहिराणी असो, तुमच्या उच्चारात जी यमकं दडलेली आहेत ती प्रमाण मराठीत सापडणार नाहीत.

'द पिल'बद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आधी एक स्पष्ट करते: तिचं सर्वांत गाजलेलं बंडखोर गाणं असलं तरी गीतकार म्हणून त्यावर लोरीन ॲलन, डॉन मॅकहॅन आणि टी. डी. बेलिस यांची नावं आहेत. पण ते गायचं धाडस लोरेटाचं. संततिनियमनाच्या गोळीला अमेरिकेत १९६० साली मान्यता मिळाली होती. हे गाणं १९७२मध्येच रेकॉर्ड झालं, पण कंपनीने ते १९७५पर्यंत बाहेर काढलं नाही. बाहेर आलं तेव्हा अनेक रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला. तरीही ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. गाण्यातली बाई नवऱ्याला कोंबडीच्या खुराड्याच्या भाषेत सुनावते. हे अंडी उबवणं आता बंद, खुराडं मोडून टाकते, गोळी आली आहे. खेड्यातल्या बाईला दवाखान्यातल्या पत्रकाची भाषा जवळची नसते, कोंबड्यांची असते. गोळीविषयीची माहिती खेड्यापाड्यांत या गाण्याने जेवढी पोचवली तेवढी पत्रकांनी पोचवली नाही, असं डॉक्टर आपल्याला सांगत, हे लोरेटा मुलाखतींतून सांगत असे. वयाच्या विशीत चार मुलांची आई झालेल्या बाईने ते गावं, याला वजन आहेच. घटस्फोटित बायकांकडे समाज कसा बघतो यावरचं 'रेटेड एक्स' मात्र तिचं स्वतःचं आहे. ते आधी ऐका, मग 'द पिल'.

आता तुमचा शेवटचा, टोचणारा प्रश्न. डू प्यायचा, बाहेरख्याली होता, दोघांची भांडणं हातघाईवर येत. हे तिने स्वतःच आत्मचरित्रात आणि मुलाखतींत सांगितलं आहे. गिटार आणून देणारा, तिला पहिल्यांदा मंचावर ढकलणारा, गाडी हाकत रेडिओ केंद्रं पालथी घालणाराही तोच होता. १९९६मध्ये तो गेला तोपर्यंत त्यांचा संसार टिकला, सुमारे अठ्ठेचाळीस वर्षं. तो टिकवायला हवा होता का, यावर माझं मत विचाराल तर त्या निर्णयाला मी आदर्श मानत नाही. पण त्यामुळे गाणी खोटी ठरतात हे मला मुळीच मान्य नाही. उलट, ती निघून गेलेल्या बाईची गाणी नाहीत हीच त्यांची ताकद आहे. ती घरात राहून अटी घालणाऱ्या बाईची गाणी आहेत. ऐकणाऱ्या हजारो बायका त्याच जागी होत्या. निघून जाणं त्यांना शक्य नव्हतं, पण तोंड उघडणं शक्य आहे हे त्यांनी रेडिओवर ऐकलं. १९७२मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली, त्यामागे हा श्रोतृवर्ग आहे.

इथे एक सावधगिरी मात्र सांगते, कारण परिस्थिती प्रत्येकाची वेगळी असते. लोरेटाच्या गाण्यांवर घर चालत होतं आणि नवऱ्याला ती गाणी आपल्याविषयी आहेत हे माहीत होतं. तुमच्या घरी खरं लिहिल्याने कुणाच्या जिवाला किंवा निवाऱ्याला धोका पोचणार असेल तर नाव, नातं, गाव बदला. शेजारणीच्या तोंडी घाला. गाण्यातला राग खरा असला की पुरे, पत्ता खरा असायला हवा असं नाही.

आणखी एक, जे गाणी लिहिणारे फार उशिरा शिकतात. सुरुवातीच्या काळात लोरेटाच्या गाण्यांचे प्रकाशनहक्क विल्बर्न बंधू या कंट्री गायकांच्या शुअर-फायर म्युझिक कंपनीकडे गेले. सत्तरच्या दशकात तिने त्यांची साथ सोडली, वाद कोर्टात गेला, पण त्या गाण्यांचे हक्क त्यांच्याकडेच राहिले. नवीन लिहिलेलंही त्यांच्याकडेच जाईल, म्हणून त्या काळात तिने लिहिणं कमी केलं आणि दुसऱ्यांची गाणी जास्त गायली. ऐन बहरात असलेली लेखणी एका करारामुळे थंडावली, याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा गीतकार-संगीतकारांच्या बाजूने बराच भक्कम झाला आहे. रॉयल्टीतला तुमचा वाटा तुम्ही सहजासहजी लिहून देऊ शकत नाही. तरी पहिला करार समोर येईल तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, आणि आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी भारतातली संस्था, तिचं सदस्यत्व घेण्याची चौकशी आत्ताच करा.

कुठून ऐकायला लागायचं? माझा क्रम असा: 'यू एन्ट वुमन इनफ', 'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन', 'डिअर अंकल सॅम', 'रेटेड एक्स', मग 'कोल मायनर्स डॉटर'. कॉनवे ट्विटीबरोबरची युगुलगीतं गोड आहेत, पण तुमच्या कामासाठी नंतर ऐकली तरी चालतील. याच्यानंतर एकदम २००४च्या 'व्हॅन लिअर रोझ'वर या. तेव्हा ती ७२ वर्षांची होती आणि निर्माता होता जॅक व्हाइट, म्हणजे तिच्याहून चाळीसेक वर्षांनी लहान रॉकवाला. या अल्बममधली सगळी गाणी लिहिण्यात तिचा हात आहे. त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यातलं 'मिस बीइंग मिसेस' वैधव्याचं गाणं आहे. लग्नाची अंगठी डाव्या हातातून काढून उजव्या हातात घालणारी बाई. पुन्हा तीच पद्धत: दुःखाचं नाव न घेता वस्तूची जागा बदलली. २०२१मध्ये तिचा शेवटचा अल्बम आला आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी टेनेसीतल्या हरिकेन मिल्स इथल्या घरी ती गेली. नव्वद वर्षांची होती.

तुमच्या लिखाणासाठी मी शिकवताना करून घेते तेच सांगते. कागदाच्या वर, गाण्याच्या नावाच्याही आधी, हे गाणं कुणाशी बोलतंय ते लिहा. मग गिटार बाजूला ठेवून ओळी त्या माणसासमोर म्हणता येतील का ते मोठ्याने म्हणून बघा. जी ओळ म्हणताना अवघडल्यासारखं होतं ती बहुधा सजावटीची असते. एका विद्यार्थिनीने आईवरचं गाणं आणलं होतं, त्यात माया, सावली, देव्हारा असं सगळं होतं. मी म्हटलं, हे आईसमोर म्हणशील? ती गप्प झाली. पुढच्या आठवड्यात नवीन ओळी आल्या: मुलीचा अभ्यास चालू असतो म्हणून आई रात्री मालिका आवाज बंद करून बघते आणि ओठांवरून संवाद ओळखते. गाणं तिथे सुरू झालं. कॉर्ड तीनच होते, चौथा लागलाच नाही.

तुमचं एक कडवं याच पद्धतीने लिहा आणि इथे टाका. वर कुणाशी बोलताय ते लिहायला विसरू नका. चालीचं नंतर बघू.